‘जैसे थे’ म्हणजे कधीचे? तंटामुक्ती समित्यांना खुलं पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या गावोगावच्या तंटामुक्ती समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली एकतीस वर्षं मी तहसील कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहितो. वारसनोंद, फेरफारावरची हरकत, बांध कोरल्याची तक्रार, पोटगी, रस्त्याचा दावा. लोक सांगतात, मी कागदावर उतरवतो. मागच्या महिन्यात एक बाई आली. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून तिने माझ्यापुढे ठेवला. तिच्या गावच्या समितीच्या ठरावाची नक्कल होती. त्यात लिहिलं होतं, ‘उभय बाजूंचे म्हणणे सविस्तर ऐकून घेण्यात आले व तंटा सामोपचाराने मिटविण्यात आला.’ बाई म्हणाली, “भाऊ, मिटला म्हणत्यात. पर माझं काय मिटलं ते मलाच कळंना. जरा वाचून सांगा.”

मला ते वाचायची गरज नव्हती. हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी स्वतःच्या हाताने लिहिलेलं आहे. हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे.

२०११ साली मी आमच्या गावच्या समितीत होतो. अक्षर बरं आणि कचेरीची भाषा येते म्हणून इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा सरकारच्या तंटामुक्त गाव मोहिमेचा जोर होता. १५ ऑगस्ट २००७ ला ती सुरू झाली, आणि तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील आपल्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. चावडीवर मिटण्यासारखं भांडण कोर्टात जाऊन पिढ्यान्‌पिढ्या सडू नये, गरिबाचे हेलपाटे वाचावेत, हा आबांचा हेतू होता. त्या हेतूबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे, आणि समित्यांनी शेकडो घरांची भांडणं खरोखर मिटवली हेही मी पाहिलंय. पण तंटे मिटवण्याला गुण होते आणि गुणांना बक्षीस होतं. त्यामुळे तंटा सुटला की नुसता मिटला, हे बघायला कुणाला सवड नव्हती. वहीत आकडा चढला पाहिजे, एवढंच.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गावातल्या एका विधवा बाईंच्या द्राक्षबागेची वाट बंद झाली. तीस गुंठे बाग. नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पोरगा दहावीला. शेजारची बारा एकर भाऊबंदाची. त्याच्या बांधाला लागून बागेत जायची गाडीवाट होती, सासऱ्याच्या काळापासूनची. एका सकाळी जेसीबी आला आणि वाटेवर आडवी चर मारून गेला. कमरेइतकी खोल. निघालेली माती पलीकडे ढिगाने टाकली आणि वर बाभळीच्या फांद्या.

द्राक्षवाल्याला ऑक्टोबर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, पण जे बागाईतदार नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाईंची छाटणी झालेली होती. छाटणीनंतर पंधरवड्याच्या आत-बाहेर बाग पोंग्यात येते, म्हणजे कोवळे कोंब फुटतात. त्यात परतीचा पाऊस, ढगाळ हवा, पहाटेचं दव. डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, यायला एवढं पुरतं. त्या दिवसांत फवारणीचा ट्रॅक्टर वेळेवर आत गेलाच पाहिजे. रात्री पाऊस झाला तर सकाळी औषध पडायला हवं, परवा पडून उपयोग नसतो. बाईंचा फवारणीवाला चरीपर्यंत आला, उतरून बघितलं आणि परत गेला. मग त्या आणि त्यांचा पोरगा पाठीवरचे पंप घेऊन तीस गुंठे मारायला लागले.

बाईंनी समितीकडे अर्ज दिला. पहिली बैठक ऑक्टोबरच्या मध्याला, मारुतीच्या देवळात झाली. समोरचा माणूस पंचायत समितीवर राहून आलेला. त्याला अध्यक्षांच्या शेजारी खुर्ची दिली, ती कुणी मुद्दाम दिली असंही नाही, लोक आपोआप उठले. बाई खांबाला टेकून उभ्या. तो वीस मिनिटं बोलला. उतारा, नकाशा, पाणी पाजायला होणारा त्रास, ट्रॅक्टरमुळे पिकाचं नुकसान, सगळं मुद्देसूद. मग बाईंना सांगितलं, आता तुम्ही बोला, तुम्हालाही तेवढाच वेळ आहे. बाई म्हणाल्या, “वाट हुती. सगळ्यास्नी म्हाईत हाय.” आणि गप्प बसल्या. दोघांना सारखा वेळ दिला, हे मी इतिवृत्तात लिहिलं. लिहिताना मला बरंही वाटलं होतं.

शेवटी बाईंनी एवढंच विचारलं, “रस्ता उघडा आधी, मग म्हयनाभर आयकत बसा. माझी बाग थांबणार हाय का तुमच्या मिटिंगला?” अध्यक्ष भला माणूस. त्यांनी समजावलं, काकू, एकतर्फी काही करता येत नाही, न्याय म्हणजे दोन्ही बाजू. त्यावर मी ठरावात लिहिलं, ‘निर्णय होईपर्यंत उभयतांनी परिस्थिती जैसे थे ठेवावी.’

जैसे थे. कधीचे? ऑक्टोबर उजाडायच्या आधीचे, म्हणजे वाट चालू असतानाचे? की चर मारल्यानंतरचे? आम्ही विचारलंच नाही. चर मारून झालेली होती, म्हणून चर जैसे थे राहिली. एकाने आपला निकाल जेसीबीने आधीच लावून घेतला होता, आणि आम्ही दुसरीला सांगत होतो की निकाल लागेपर्यंत कळ काढा. त्याने वाट बंद करताना तिचं कुठं ऐकलं होतं? त्या घडीला कुणाला ‘दोन्ही बाजू’ आठवल्या नाहीत. आठवल्या त्या तिने दाद मागितल्यावर.

नोव्हेंबरच्या बैठकीला तो आला नाही, पाहुण्यांकडे लग्न होतं. एका बाजूचं ऐकून पुढं जाता येत नाही म्हणून बैठक पुढं ढकलली. डिसेंबरलाही आला नाही. पुन्हा ढकलली. बाई दोन्ही वेळा आल्या होत्या, हातांना औषधाचा वास घेऊन. तोवर बागेत घड काळे पडायला लागले होते.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबरच्या त्या बैठकीनंतर बाईंनी मला देवळाच्या पायरीवर गाठलं. म्हणाल्या, “भाऊ, तुमी कचेरीत बसताय. आणि काय करता येतंय का?” करता येत होतं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर तहसीलदारांकडे दावा करता येतो. तहसीलदार जागेवर येतात, बघतात आणि अडथळा काढायचा हुकूम देतात. असे दावे मी आयुष्यात कितीतरी लिहिलेत. मात्र त्याला मुदत आहे. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. सहा महिने उलटले की तो दरवाजा बंद.

हे मला माहीत होतं आणि मी बाईंना सांगितलं नाही. मी म्हणालो, “समिती बघतेय ना, धीर धरा. मी समितीत आहे, मला एका बाजूनं बोलता येत नाही.” मला तेव्हा तो प्रामाणिकपणा वाटला. समोरच्याला वकील होता, त्याला दिवस मोजता येत होते. बाईंना मोजता येत नव्हते, आणि ज्याला मोजता येत होते तो तटस्थ राहिला. माझ्या तटस्थपणाचा सगळा फायदा एकाच माणसाला झाला.

जानेवारीत आम्ही जागेवर गेलो. चौथ्या वेळेला. खरं तर पहिल्या दिवशी जायला हवं होतं, कारण तिथं जे होतं ते कुणाच्याही भाषणापेक्षा जास्त बोलत होतं. वाटेच्या मधोमध पाण्याचा पाट आडवा जातो. पाटावर सिमेंटचा पाइप टाकलेला होता, वर मुरूम. पाइपचं एक तोंड फुटलेलं, आतली तार गंजून बाहेर आलेली. दोन्ही अंगाला चाकोऱ्या, इतक्या घट्ट की त्यांत गवत उगवलं नव्हतं. जिथून कधी गाडी गेलीच नाही तिथं पाइप कोण टाकेल? अध्यक्षांनी पाइपवर पाय ठेवून बघितला. आम्ही सगळ्यांनी बघितला. कुणी काही बोललं नाही. त्या दिवसाच्या इतिवृत्तात मी लिहिलं, ‘स्थळपाहणी केली. उभय बाजूंनी परस्परविरोधी म्हणणे मांडले.’ पाइपाचा उल्लेख नाही. पाइप कुठल्याच बाजूचा नव्हता, म्हणून तो राहिला.

आयर्विन पुलाचं उदाहरण आपल्या सगळ्यांना कळेल. कृष्णेला पाणी आलं की अख्खी सांगली पुलाजवळचा आकडा विचारते. ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की पाणी ५७ वर आहे ही एक बाजू, ३७ वर आहे ही दुसरी, दोघांचा मान राखून ४७ धरू, तर आपण त्याला पुलावर नेऊन उभं केलं असतं. पूर का आला, धरणातून पाणी कधी सोडायला हवं होतं, यावर बाजू असतात आणि त्या ऐकल्याच पाहिजेत. पाणी किती आहे याला बाजू नसते. गावच्या तंट्यातही आधी बघायचं असतं की मोजण्यासारखं काय आहे आणि बोलण्यासारखं काय. आम्ही मोजायची गोष्ट बोलायला लावली.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो माणूस आपणहून बैठकीला आला. तारखा बघा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते एप्रिलचा दुसरा. “आता मिटवून टाकू,” म्हणाला. आम्हाला हायसं वाटलं. त्याचं म्हणणं वाट नाहीच, बाईंचं म्हणणं आठ फुटी गाडीवाट. मग मधला मार्ग काढला, चार फुटी पायवाट. दोघांचंही थोडं थोडं ऐकलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, बाईंचा अंगठा घेतला. ट्रॅक्टर चार फुटांतून जात नाही. आठ फुटांचं निम्मं चार होतं, पण निम्म्या वाटेनं निम्मी फवारणी होत नाही. वहीत तंटा क्रमांक १७ पुढे मी लिहिलं, ‘मिटला’.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या हंगामात द्राक्षं व्यापाऱ्याला दाखवण्यासारखी नव्हतीच, बेदाण्यालाही थोडीच गेली. पुढच्या वर्षी बाईंनी बाग काढली. अँगल आणि तारा भंगारात गेल्या. नंतर मीच त्यांचा अर्ज लिहिला, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली, बांधावरून रस्ता मिळण्यासाठी. या दोन अर्जांतला फरक लिहिणाऱ्याला कळतो. कलम ५ च्या दाव्यात माणूस लिहितो, माझी वाट होती, ती अडवली, मोकळी करून द्या. १४३ च्या अर्जात लिहावं लागतं, मला शेतात जायला वाट नाही, तरी मिळावी ही विनंती. ‘होती’ हा शब्द गेला. तीन वर्षांनी रस्ता मिळाला. आज त्या रस्त्याने त्या शाळूच्या पेंढ्या आणतात.

तुम्ही म्हणाल, म्हणजे एकाचंच ऐकून निकाल द्यायचा का? नाही. उलट अनुभवही मला आहे. त्याच वर्षी विहिरीवरची एक मोटर चोरीला गेली आणि गावाबाहेर पालात राहणाऱ्या एका पोराला धरून आणलं. गाव त्याला चोर ठरवून मोकळं झालं होतं. अध्यक्ष म्हणाले, त्याला बोलू द्या. पोराने खिशातून घामेजलेला केसपेपर काढला. त्या रात्री तो बायकोच्या बाळंतपणाला सांगलीत सिव्हिलला होता. त्या दिवशी दुसरी बाजू ऐकली नसती तर त्याचं काय झालं असतं, ते आठवून आजही अंगावर काटा येतो.

मग दोन्हीकडे नियम एकच असून एकीकडे न्याय आणि दुसरीकडे अन्याय का झाला? मी यावर पुष्कळ विचार केलाय. ऐकून घेण्याचा हक्क मुळात ज्याच्यावर काहीतरी कोसळणार आहे त्याचा आहे. १९७७ साली सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट कारणं न देता जप्त केला, आणि १९७८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणसाला म्हणणं मांडायची संधी न देता असं वागता येत नाही. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला एक माणूस. त्या माणसासाठी तो हक्क आहे. पालातल्या पोरासमोर अख्खं गाव उभं होतं, तिथं तो हक्क त्याच्या कामाला आला. बाईंच्या प्रकरणात कोसळायचं ते आधीच बाईंवर कोसळलेलं होतं. तिथं ‘दुसरी बाजू ऐकू द्या’ याचा अर्थ फक्त एवढाच राहिला, की ज्याने पाडलं त्याला वेळ द्या.

कायद्याला हे कळतं, म्हणून त्यात वाट ठेवलेली आहे. दिवाणी कोर्ट निकडीच्या वेळी समोरच्याला नोटीस जायच्या आधी तात्पुरती मनाई देऊ शकतं, आणि मग त्याचं ऐकतं. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेट बाईच्या शपथपत्रावर, नवऱ्याला न ऐकता, अंतरिम संरक्षण देऊ शकतात. ऐकणं रद्द होत नाही. आधी हात धरायचा, मग विचारायचं का उगारलास.

आपल्याकडचे जुने लोकही हे जाणून होते. मराठेशाहीतले निवाड्याचे कागद वाचले तर दिसतं, वादी-प्रतिवादी आला की आधी त्याच्याकडून राजीनामा घेत, म्हणजे होईल तो निवाडा मान्य असल्याचं लिहून घेत. जामीन घेत. मग तकरीर, म्हणजे ज्याचं त्याचं म्हणणं, मग साक्षी आणि कागदपत्रं. बलदंड माणसाला बांधून घेतल्याशिवाय ऐकायला बसत नसत. आम्ही त्या माणसाला कशानेच बांधलं नव्हतं. तो दोनदा आला नाही, त्याची किंमत त्याने काही मोजली नाही.

आणि ऐकून झाल्यावर बोलावंही लागतं. शेजारच्या साताऱ्याजवळ, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. शास्त्र्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना, जे तोवर स्वतः पेशवे झाले होते, तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्त आहे. मधला मार्ग काढला असता तर त्यांची नोकरी राहिली असती. त्यांनी पुणं सोडलं. आपण त्यांचं नाव भाषणात घेतो आणि बैठकीत निम्मं-निम्मं करतो.

आणखी एक, आणि यात मला शंका नाही. बायकोला मारहाण, पोरीबाळींवर हात टाकणं, कुणाला वाळीत टाकणं, हे तुमच्या देवळात आणूच नका. वाळीत टाकण्याविरुद्ध २०१६ चा वेगळा कायदा आपल्या राज्यात आहे. अशा ठिकाणी ‘तुझंही थोडं चुकलंच असेल’ हे वाक्य दोन्ही बाजू ऐकण्यातून निघतं, आणि मार खाल्लेल्या बाईला ते दुसऱ्या मारासारखं लागतं. मागच्या महिन्यात आलेल्या बाईच्या ठरावात ते वाक्य कचेरीच्या भाषेत होतं, ‘उभयतांनी समजुतीने राहावे.’ तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत हात सुजलेला होता. मी तिला ठराव वाचून दाखवला नाही. संरक्षण अधिकाऱ्यांकडे कसं जायचं ते सांगितलं आणि अर्ज लिहून दिला. या वेळी एका बाजूनं बोललो.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. रस्त्याचा, पाण्याचा, बांधाचा अर्ज आला की वहीत पहिल्या ओळीत लिहा, अडथळा कोणत्या तारखेला झाला. त्याच दिवशी अर्जदाराला तोंडी आणि लेखी सांगा की मामलेदार कोर्टाची मुदत सहा महिन्यांची आहे आणि समितीकडे अर्ज दिल्याने ती थांबत नाही. पहिली बैठक देवळात घेऊ नका, जागेवर घ्या. ‘जैसे थे’ लिहायचं असेल तर तारीख घाला, आणि ती अडथळ्याच्या आदल्या दिवसाची घाला. समोरचा एकदा आला नाही तर कारण लिहा, दुसऱ्यांदा आला नाही तर त्याच्याशिवाय पुढं जा. ज्याला नीट बोलता येत नाही त्याच्यासाठी कुणीतरी बोलणारा द्या, नाहीतर सारखा वेळ देऊन उपयोग नाही. आणि पाइप दिसला तर पाइप लिहा.

माझ्या गावच्या समितीला वेगळी विनंती आहे. २०११-१२ ची वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असेल. त्यात १७ क्रमांकापुढे माझ्या अक्षरात ‘मिटला’ लिहिलेलं आहे. बाईंना मी हे सगळं गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, सहा महिन्यांचंही सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “तवा सांगायचं हुतं, भाऊ.” येत्या ग्रामसभेला त्या येणार आहेत. त्यांच्यासमोर तो शब्द खोडून, शेजारी खरं काय झालं ते लिहून, मला खाली सही करायची आहे. तेवढी वही काढून ठेवा.

आपला,
तहसील कचेरीसमोरचा एक अर्जलेखक
जिल्हा सांगली